हार्मोनच्या गोळीला कॅन्सर दाद का देईनासा होतो?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी ५५ वर्षांची आहे. सहा वर्षांपूर्वी डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं. रिपोर्टमध्ये ‘ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह’ असं होतं. केमोमध्ये पाळी थांबली. आधी तीन वर्षं टॅमॉक्सिफेन आणि मग आजवर लेट्रोझोल घेतलं. गेल्या महिन्यात कंबर धरली म्हणून तपासण्या केल्या, तर मणक्यात आणि खुब्याच्या हाडात कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, ‘हार्मोनच्या गोळीला रेझिस्टन्स आलाय.’ इतकी वर्षं घेऊन शरीराला गोळीची सवय झाली का? मधे गोळीची कंपनी बदलली होती, त्याचा काही संबंध आहे का? आणखी एक गोष्ट मी घरात कुणाला सांगितलेली नाही. लेट्रोझोलने बोटं आणि गुडघे इतके आखडायचे की दोन वर्षांपूर्वी पाच आठवडे मी गोळी घेतलीच नाही. अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडला की जंतू पुढे दाद देत नाहीत म्हणतात, तसंच झालं ना हे? मीच ओढवून घेतलं का? आता गोळ्यांचा मार्ग संपून फक्त केमोच उरली का? माझी मुलगी २९ वर्षांची आहे, तिचीही काळजी वाटते.

उत्तर : ताई, आधी त्या पाच आठवड्यांचं बोलू. पत्रातले बाकीचे प्रश्न माहितीचे आहेत, हा एक मात्र मनाला लागलेला आहे.

अँटिबायोटिकचा नियम इथे लावू नका. लेट्रोझोल शरीरात एस्ट्रोजन तयार होऊ देत नाही. गोळी थांबवली तरी आधीचं औषध रक्तातून पुरतं उतरायला आठवडा-दोन आठवडे जातात, आणि मग एस्ट्रोजन हळूहळू वर येतं. म्हणजे तुमच्या पाच आठवड्यांतले खऱ्या अर्थाने औषधाविना गेले ते फार तर तीन-चार. त्या काळात एस्ट्रोजन मिळालं ते सगळ्याच पेशींना. औषधाला दाद न देणाऱ्या पेशी वरचढ ठरतात त्या औषध चालू असताना, कारण बाकीच्या पेशी तेव्हा उपाशी असतात. औषध बंद असताना त्यांना असा काही खास फायदा नसतो.

याला पुरावाही आहे. ‘सोल’ नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पावणेपाच हजारांहून जास्त स्त्रिया होत्या. काखेतल्या गाठींपर्यंत रोग गेलेल्या आणि चार ते सहा वर्षं हार्मोनचे उपचार आधीच झालेल्या. त्यातल्या निम्म्यांना पुढची पाच वर्षं लेट्रोझोल सलग दिलं. उरलेल्यांना पहिली चार वर्षं दर वर्षी नऊ महिने गोळी आणि तीन महिने सुट्टी. पाच वर्षांनी रोग न उलटता राहिलेल्यांचं प्रमाण सलगवाल्यांत ८७.५ टक्के आणि सुट्टीवाल्यांत ८५.८ टक्के निघालं, म्हणजे तसा फरक नाहीच. ठरवून, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेली सुट्टी होती ती, आणि त्या स्त्रियांची आधीची काही वर्षं पार पडलेली होती. त्यामुळे हे वाचून कुणी उद्यापासून गोळी बंद करू नये. महिनोन् महिने, वर्षानुवर्षं गोळी सोडणाऱ्यांमध्ये रोग परतण्याचं प्रमाण वाढतं हेही तितकंच खरं आहे. पण सहा वर्षांतल्या पाच आठवड्यांवर मणक्यातल्या रोगाचं खापर फोडायला मी तरी तयार नाही.

तरीही ही गोष्ट तुमच्या डॉक्टरांना सांगा. त्यांच्या कागदावर ‘सलग लेट्रोझोल चालू असताना रोग उलटला’ अशी नोंद असेल, आणि पुढचं औषध निवडताना ते त्या नोंदीवर विसंबणार. शिवाय सांधे किती आखडत होते हे त्यांना कळलं तर पुढच्या वेळी ते आधीच उपाय करतील. नियमित व्यायाम, त्याच गटातली दुसरी गोळी, ड्युलोक्सेटिनसारखं औषध, काहींना ॲक्युपंक्चर, असं बरंच काही करता येतं. (आमच्याच लोकांना या निमित्ताने सांगतो : पेशंटने सांधेदुखीची तक्रार केली की ‘एवढं तर होणारच’ म्हणून हात झटकू नका. गोळ्या गुपचूप बंद होतात त्या अशानेच.)

कंपनी बदलल्याचं मनातून काढून टाका. मान्यताप्राप्त औषध असेल तर त्याने असं होत नाही.

आता सवयीबद्दल. झोपेच्या गोळीची सवय होते तशी शरीराला लेट्रोझोलची होत नाही. ज्या एन्झाइमला ते रोखतं त्याला सहाव्या वर्षीही पहिल्या महिन्याइतकंच रोखून धरतं. बदललेल्या असतात त्या कॅन्सरच्या पेशी.

तुमच्या रिपोर्टवरचं ‘ईआर पॉझिटिव्ह’ म्हणजे त्या पेशींच्या केंद्रकात एस्ट्रोजन रिसेप्टर नावाचं प्रथिन आहे. स्तनांच्या कॅन्सरपैकी साधारण ७० टक्के असे असतात. (पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनचा रिसेप्टर, आणि हर-टू हे पेशींच्या वाढीला चालना देणारं वेगळं प्रथिन.) एस्ट्रोजन रिसेप्टर म्हणजे दारावरच्या बेलचं बटण समजा. एस्ट्रोजन येऊन ते दाबतं, आत बेल वाजते आणि पेशी विभागायला लागते. टॅमॉक्सिफेन त्या बटणावर ठाण मांडून बसतं, म्हणजे एस्ट्रोजनला तिथे जागाच मिळत नाही. लेट्रोझोल बटणाला हात लावत नाही, ते बटण दाबायला येणाऱ्यांचीच वाट बंद करतं. पाळी गेल्यावर अंडाशय थंडावतात, पण चरबीत, स्नायूंत, खुद्द गाठीतही ॲरोमाटेज नावाचं एन्झाइम दुसऱ्या हार्मोनांपासून थोडं थोडं एस्ट्रोजन बनवत असतं. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन या तिन्ही गोळ्या त्या एन्झाइमला गाठतात.

एस्ट्रोजनचं नावही नव्हतं तेव्हापासून ही लढाई चालू आहे. १८९६ साली ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जनने स्तनाचा कॅन्सर बळावलेल्या स्त्रियांचे अंडाशय काढल्याची हकीकत ‘लॅन्सेट’मध्ये छापली. गाठी विरल्या. काही काळाने रोग परतला. म्हणजे उपचार आणि त्याला न जुमानणारा कॅन्सर, दोघं जवळपास एकाच वेळी दिसले. टॅमॉक्सिफेन १९६० च्या दशकात गर्भनिरोधक शोधताना हाती लागलं. त्या कामाला ते निरुपयोगी ठरलं आणि कॅन्सरवर मात्र त्याने अक्षरशः लाखो जीव वाचवले. पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्याने ईआर पॉझिटिव्ह स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. तुमच्या गोळ्याही सहा वर्षं फुकट गेलेल्या नाहीत. त्या नसत्या तर हाच रोग कदाचित दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वर आला असता.

मग तो आता का आला?

एक सेंटिमीटरच्या गाठीत दहा कोटी ते शंभर कोटी पेशी असतात, आणि त्या सगळ्या एका साच्यातल्या नसतात. विभागताना डीएनएच्या नकलेत चुका होतात, म्हणून एकाच गाठीत पेशींची वेगवेगळी घराणी नांदत असतात. ऑपरेशनच्या आधीच काही पेशी निसटून हाडांच्या मगजात जाऊन बसलेल्या असू शकतात. त्या इतक्या थोड्या असतात की कोणत्याही स्कॅनमध्ये दिसत नाहीत. केमो विभागणाऱ्या पेशींना गाठते, आणि यातल्या बऱ्याच तेव्हा निपचित असतात. हार्मोनच्या गोळीखाली काही मरतात, काही वर्षानुवर्षं झोपून राहतात. त्यांच्यातलं एखादं घराणं एस्ट्रोजनवाचून जगायला शिकलं की बाकीचे मागे पडतात आणि ते वाढतं. हे ‘शिकणं’ हेतुपुरस्सर नसतं. योगायोगाने झालेला एखादा बदल त्या परिस्थितीत उपयोगी पडतो, एवढंच.

ईआर पॉझिटिव्ह कॅन्सरची ही चिकाटी आकड्यांत दिसते. २०१७ साली ६२,९२३ स्त्रियांच्या माहितीचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. पाच वर्षं गोळ्या पूर्ण केलेल्या आणि तोवर रोग न उलटलेल्या स्त्रिया होत्या त्या. मूळ गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत आणि काखेतल्या गाठी स्वच्छ असलेल्यांतही पुढच्या पंधरा वर्षांत दूरच्या अवयवात रोग निघण्याचं प्रमाण १३ टक्के होतं. काखेतल्या एक ते तीन गाठींत रोग असेल तर २० टक्के, आणि चार ते नऊ गाठींत असेल तर ३४. मोजणी पाच वर्षांनंतरची आहे हे लक्षात घ्या. म्हणूनच तुमच्यासारख्यांना पाचाऐवजी सात किंवा दहा वर्षं गोळी देतात.

तुमच्या डॉक्टरांनी ‘रेझिस्टन्स’ म्हटलं ते बरोबरच आहे, पण त्यावर थांबू नका. कोणता, ते विचारा. त्याचे निदान तीन-चार प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं पुढचं औषध वेगळं आहे. या उत्तरातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

वेळेवरून एक ढोबळ भेद करतात. गोळी सुरू केल्यापासून पहिल्या दोन वर्षांत रोग उलटला तर तो मुळातच दाद न देणारा. दोन वर्षांनंतर, पण गोळी चालू असताना किंवा बंद केल्यापासून वर्षभरात उलटला तर मिळवलेला रेझिस्टन्स. गोळी बंद करून वर्ष उलटल्यावर परतला तर बहुधा तीच गोळी पुन्हाही लागू पडू शकते. तुम्ही मधल्या गटात बसता. या गटातले बरेच कॅन्सर अजूनही एस्ट्रोजन रिसेप्टरच्याच आधाराने जगत असतात आणि त्यांना हार्मोनचं दुसरं औषध लागू पडतं.

या मधल्या गटात पेशी काय काय करतात? सगळ्यात विलक्षण प्रकार म्हणजे बटणच दाबलेल्या अवस्थेत अडकून बसणं. एस्ट्रोजन रिसेप्टर हे ५९५ अमिनो आम्लांच्या साखळीचं प्रथिन आहे. ते बनवणाऱ्या ईएसआर१ जनुकात एका अक्षराची चूक झाली की साखळीतलं ५३७ वं किंवा ५३८ वं अमिनो आम्ल बदलतं. एवढ्याने साखळीच्या शेवटाजवळची एक गुंडाळी अशी वळते, जशी एरवी एस्ट्रोजन येऊन बसल्यावरच वळते. मग बटण दाबायला कुणी येवो न येवो, बेल वाजतच राहते. लेट्रोझोलने वाट कितीही बंद केली तरी उपयोग नाही. मूळ गाठीत हा बदल क्वचितच सापडतो. पसरलेल्या रोगासाठी लेट्रोझोलसारखी गोळी बराच काळ घेतलेल्यांपैकी तीसेक टक्क्यांत तो दिसतो. १९९० च्या दशकातच तो पहिल्यांदा सापडला होता, पण त्याचं महत्त्व २०१३ मध्ये एकाच वेळी दोन गटांनी अभ्यास प्रसिद्ध केले तेव्हा पटलं. तुमच्यासारखा, म्हणजे ऑपरेशननंतरच्या प्रतिबंधक गोळ्यांवर असताना रोग उलटला असेल, तर हा बदल सापडण्याची शक्यता तुलनेने कमी असते. कमी म्हणजे शून्य नव्हे, तपासायला हवंच.

दुसऱ्या प्रकारात बेलशी देणंघेणंच उरत नाही, पेशी वाढीचा हुकूम दुसऱ्या वाटेने आणते. या वाटांमध्ये सगळ्यात परिचित आहे पीआयके३सीए जनुकाची. ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह कॅन्सरपैकी सुमारे ४० टक्क्यांत त्यात बदल असतो आणि तो बहुतेक वेळा पहिल्या गाठीपासूनच असतो. म्हणून तुमची सहा वर्षांपूर्वीची गाठ मेणाच्या ठोकळ्यात जपलेली असेल तर ती चाचणी त्यावरही होऊ शकते. ईएसआर१ साठी मात्र जुना ठोकळा कामाचा नाही, आत्ताचा नमुना लागतो. याशिवाय हर-टू, एफजीएफआर, एनएफ१ अशा आणखी वाटा आहेत. त्यांच्या तपशिलात आज शिरत नाही.

तिसरा प्रकार, बटणच नाहीसं होणं. परतलेल्या रोगांपैकी दहा ते वीस टक्क्यांत एस्ट्रोजन रिसेप्टर उरलेला नसतो. तिथे हार्मोनच्या उपचारात वेळ घालवण्यात अर्थ नसतो. कधी कधी हर-टूचा रिपोर्टही बदलतो, आणि त्यामुळे वेगळीच चांगली औषधं हाताशी येतात.

आणि एक प्रकार असा की ज्याला रेझिस्टन्स म्हणूच नये. तुमची पाळी वयाने गेली नव्हती, केमोने थांबली होती, तेव्हा तुम्ही ४९ च्या होतात. अशा स्त्रियांमध्ये काही वेळा पाळी येत नसली तरी अंडाशय पुन्हा काम करू लागतात. त्यात ॲरोमाटेज रोखणारी गोळी मेंदूला ‘एस्ट्रोजन कमी पडतंय’ असं भासवते, मग मेंदू अंडाशयांना चाबूक मारतो, आणि लेट्रोझोल तिथे पुरं पडत नाही. ५५ व्या वर्षी याची शक्यता कमी झालेली असते, पण तपासायला एक रक्ताची चाचणी पुरते : एस्ट्राडायॉल (एस्ट्रोजनचं मुख्य रूप), सोबत एफएसएच (मेंदूकडून अंडाशयांना चालना देणारं हार्मोन). एस्ट्राडायॉल मास स्पेक्ट्रोमेट्री पद्धतीने मोजायला सांगा. नेहमीच्या पद्धती इतक्या खालच्या पातळीवर भरवशाच्या नाहीत, आणि पुढे फुलवेस्ट्रंटचं इंजेक्शन (त्याबद्दल खाली सांगतो) सुरू झालं तर त्या त्यालाच एस्ट्राडायॉल समजून आकडा फुगवतात. म्हणून ही चाचणी इंजेक्शनच्या आधी झालेली बरी.

टॅमॉक्सिफेनच्या काळात तुम्ही नैराश्यासाठी पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन घेत होता का, हेही डॉक्टर विचारतील. यकृतातलं सीवायपी२डी६ हे एन्झाइम टॅमॉक्सिफेनपासून त्याचं जोरकस रूप बनवतं आणि ही दोन औषधं त्या एन्झाइमला अडवतात. आता त्यावर करण्यासारखं काही नाही, पण वाचकांपैकी कुणी या दोन गोळ्या एकत्र घेत असेल तर मनाने काही बंद न करता डॉक्टरांना दाखवा. पर्याय आहेत.

तर पहिलं काम बायोप्सी. स्कॅनमध्ये चमकलं म्हणजे जुनाच रोग आहे असं गृहीत धरू नका. हाडाच्या बायोप्सीत एक मेख आहे, ती फारशी सांगितली जात नाही. हाडाचा तुकडा कापता यावा म्हणून लॅबमध्ये त्यातलं कॅल्शियम काढतात. त्यासाठी तीव्र ॲसिड वापरलं की डीएनए खराब होतो आणि रिसेप्टरचं प्रथिनही. मग जिवंत ‘पॉझिटिव्ह’ कॅन्सर कागदावर खोटा ‘निगेटिव्ह’ उतरतो आणि पुढचा सगळा उपचार चुकीच्या रस्त्याला लागतो. सुई घालण्याआधीच डॉक्टरांना विचारा : हाडातला मऊ भाग घेता येईल का? लॅब ॲसिडऐवजी ईडीटीए या सौम्य रसायनाने कॅल्शियम काढते का? आणि हाडाच्या नमुन्यावर ईआर निगेटिव्ह आलं तर एकदा शंका घ्या.

सोबत रक्तातून करायची लिक्विड बायोप्सी. कॅन्सरच्या पेशी मरताना त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात सांडतात, त्यात ईएसआर१, पीआयके३सीए आणि त्याच्याच वाटेवरच्या एकेटी१, पीटेन या जनुकांतले बदल शोधता येतात. शरीरातले वेगवेगळे अड्डे वेगवेगळे बदललेले असू शकतात आणि सुई त्यातल्या एकालाच टोचते. रक्तात मात्र सगळ्यांचंच थोडं थोडं येतं. मात्र रक्तात डीएनए फार कमी सांडत असेल तर चाचणी निगेटिव्ह येते आणि बदल नाहीच असं वाटतं. निगेटिव्ह रिपोर्ट आला तर ‘नमुन्यात ट्यूमरचा डीएनए पुरेसा होता का?’ एवढं विचारायचं. रोग वाढल्याचं दिसतं तेव्हाच, नवीन औषध सुरू करण्याआधी, ही चाचणी करावी.

आता तुमच्या ‘केमोच उरली का’ या प्रश्नाकडे येऊ. रोग हाडांत आहे, यकृत किंवा फुप्फुसं झपाट्याने ढासळत नाहीयेत, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. तसं असेल तर आजच्या पद्धतीत केमो ही पहिली पायरी नव्हे. केमो राखून ठेवायची.

बहुतेकांची सुरुवात दोन औषधांच्या जोडीने होते. एक फुलवेस्ट्रंट. हे बटणावर बसतं आणि बटणच मोडीत काढतं, म्हणजे पेशी तो रिसेप्टर नष्ट करते. दोन इंजेक्शनं, प्रत्येक कुल्ल्यात एक, पहिल्या महिन्यात दर पंधरवड्याला आणि मग महिन्यातून एकदा. औषध तेलकट आणि दाट असतं, सावकाश टोचावं लागतं आणि तिथे एक-दोन दिवस ठणकतं. जोडीला सीडीके ४/६ रोखणारी गोळी : पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब किंवा ॲबेमासिक्लिब. हुकूम कोणत्याही वाटेने आला तरी पेशी विभागायला शेवटी ज्या टप्प्यातून जाते, तिथे ही औषधं तिला अडवतात. ‘मोनार्क २’ चाचणीत आधीच्या हार्मोन उपचारावर रोग वाढलेल्या स्त्रिया होत्या. नुसत्या फुलवेस्ट्रंटवर मध्यक आयुष्यमान ३७.३ महिने होतं, ॲबेमासिक्लिब जोडल्यावर ४६.७ महिने. मध्यक म्हणजे निम्म्या त्याहून जास्त जगल्या. तुमचा आकडा तो नव्हे.

पीआयके३सीएमध्ये बदल निघाला तर तुमच्यासारख्याच स्त्रियांवर, म्हणजे प्रतिबंधक गोळी चालू असताना किंवा संपल्यापासून वर्षभरात रोग उलटलेल्यांवर, झालेली एक चाचणी आहे. वरच्या जोडीतल्या पाल्बोसिक्लिब आणि फुलवेस्ट्रंटला इनाव्होलिसिब हे तिसरं औषध जोडलं तर रोग आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ ७.३ महिन्यांवरून १५ महिन्यांवर गेला. अमेरिकेत २०२४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. याच वाटेवरची अल्पेलिसिब आणि कॅपिव्हासर्टिब ही औषधंही आहेत. इनाव्होलिसिब आणि अल्पेलिसिबने रक्तातली साखर चढते, कारण इन्सुलिनचा निरोपही पेशीत त्याच वाटेने जातो. सुरू करण्याआधी साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासून घ्या आणि मधुमेह असेल तर लपवू नका.

ईएसआर१ बदलला असेल तर एलासेस्ट्रंट ही रोज घ्यायची गोळी आहे, तिला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तीही फुलवेस्ट्रंटसारखी रिसेप्टर मोडीत काढते, फक्त सुई नाही. ती कोणत्या पायरीवर वापरायची हे तुमचे डॉक्टर ठरवतील. यातली कोणती औषधं तुमच्याकडे मिळतात आणि परवडतात हा व्यवहाराचा भाग आहे, तो त्यांच्याशी मोकळेपणाने बोला. संकोचाने गप्प बसून काही साधत नाही.

या रोगाचा एक चक्रावणारा पैलू सांगायचा मोह आवरत नाही. एस्ट्रोजन मिळत नसताना वर्षानुवर्षं तगलेल्या काही पेशींना अचानक भरपूर एस्ट्रोजन दिलं की त्या मरतात. अलेक्झांडर हॅडो यांनी १९४४ मध्ये वयस्क स्त्रियांमध्ये कृत्रिम एस्ट्रोजनने गाठी आकसल्याची नोंद केली होती, आणि टॅमॉक्सिफेन येईपर्यंत तो रीतसर उपचार होता. हा स्वतःवर करून बघायचा प्रयोग नाही. पण ‘हार्मोनचा मार्ग संपला’ असं वाटतं तिथेही तो बऱ्याचदा संपलेला नसतो.

मणक्यात रोग आहे म्हणून एक गोष्ट ठासून सांगतो. पायांत अचानक अशक्तपणा, कमरेखाली किंवा मांड्यांच्या आत बधिरपणा, लघवी तुंबणं किंवा शौचावरचा ताबा जाणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. मज्जारज्जूवर दाब आला असेल तर तासांचा प्रश्न असतो. हाडं मजबूत राहावीत म्हणून झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब सुरू करतील. त्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या, काढायचे दात आधी काढून घ्या. नंतर काढले तर जबड्याचं हाड बरं न होण्याचा धोका असतो.

राहिली मुलगी. ईएसआर१ आणि पीआयके३सीएमधले हे बदल कॅन्सरच्या पेशींत, तुमच्या हयातीत घडलेले असतात. ते मुलीकडे जात नाहीत, आणि गोळीला दाद न देणंही वारशाने येत नाही. तिच्यासाठी महत्त्वाची चाचणी वेगळी आहे, बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या जनुकांची. त्यांतला दोष वारशाने येतो आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवतो. तुम्हाला ४९ व्या वर्षी रोग झाला, त्यामुळे ती तेव्हाच झाली असेल. फाइल उघडून बघा. झाली नसेल तर आता आधी तुमची करा, मुलीची नको. तुमच्यात दोष निघाला तर ओलापॅरिब किंवा टालाझोपॅरिब या गोळ्यांचा आणखी एक पर्याय तुम्हाला मिळतो, आणि मुलीमध्ये नेमका कोणता बदल शोधायचा हेही तेव्हाच कळतं.